“सुकल्यावर सारखाच दिसेल”

रंगाऱ्याने भिंतीला लालऐवजी नारिंगी लावला तर कुणीही हटकेल. शेडकार्डावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन राखाडी-बेज शेडची अदलाबदल मात्र सहज खपते. विचारलंच तर “सुकल्यावर सारखाच दिसेल” हे उत्तर तयार असतं. त्यात खरं इतकंच, की इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) सुकताना बहुधा थोडं गडद होतं. हिरवट झाकेचा राखाडी सुकून गुलाबी होत नाही.

अदलाबदल दोन प्रकारे होते. एक, दुसऱ्या कामातून उरलेला डबा खपवणं. दुसरी चलाखी जास्त सफाईची: निवडलेली शेड दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, ‘मॅच’ करून देणं. स्टेनर (बेसमध्ये शेडसाठी मिसळतात ते रंगद्रव्य) वेगळे असल्यामुळे दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली दोन्ही रंग हुबेहूब दिसतात आणि घरच्या २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली एक मातकट होतो. भिंत रंगते दिवसा, फरक कळतो रात्री. तोवर दुसरा हात मारून झालेला असतो.

म्हणून डबा उघडायच्या आधी झाकणावरचं, दुकानातल्या शेड मिसळणाऱ्या मशीनचं लेबल वाचा. त्यावर शेडचा कोड, बेस आणि बहुतेक वेळा प्रत्येक स्टेनरचं प्रमाण असतं. नुसतं शेडचं नाव सांगून भागत नाही. कोड आणि कंपनी दोन्ही बिलावर लिहून घ्या. लेबल खरवडलेलं असेल तर डबा परत.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू देऊ नका; खालचा पिवळेपणा डोळ्याला चकवतो. साधारण फूटभर पुठ्ठ्यावर प्रायमर, त्यावर त्याच डब्यातल्या रंगाचे दोन हात, आणि कडेने पांढरी पट्टी सोडलेली. या पट्टीशेजारीच झाक उघडी पडते: एरवी ‘साधा राखाडी’ वाटणारा रंग चक्क जांभळट निघतो. पुठ्ठा उभा धरून सकाळी, संध्याकाळी आणि दिवा लावून पाहा.

पाण्याचा खेळ वेगळाच. डब्यावर छापलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घातलं की रंग झाकत नाही, पट्टे दिसतात, आणि तिसऱ्या हाताची मजुरी तुमच्या माथी. पाणी समोर मोजून घालायला सांगा. रंगारी चिडला तरी चालेल. डबे अनेक असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करून घ्या, नाहीतर कोपऱ्यात दोन भिंतींचा रंग वेगळा दिसतो आणि दोष उजेडावर ढकलला जातो.

पहिला हात सुकला की पुठ्ठा भिंतीला टेकवा. झाक जुळली नाही तर काम तिथेच थांबवा आणि उरलेला डबा लेबलासकट स्वतःच्या ताब्यात ठेवा.