नान्नजचा माळ की कुडलचा संगम?

सोलापुरातून सकाळी निघायचं, घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल एवढंच चालायचं, तर माझ्यासमोर दोन नावं येतात.

नान्नज बार्शी रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं हे अभयारण्य. माळढोक दिसेल ही आशा आता धरू नका, ते फारच थोडे उरलेत, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. पण काळविटांचे कळप दिसतात, हिवाळ्यात गवतावरून भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी तरंगत जातात. सावली जवळजवळ नाही. ऊन चढायच्या आत परता.

हत्तरसंग कुडल लांब, चाळीसेक किलोमीटर. भीमा-सीनेचा संगम, काठावर चालुक्यकालीन संगमेश्वर मंदिर आणि मातीखालून उकरून काढलेलं हरिहरेश्वर. तिथल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, ती सावकाश बघा. संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे: ‘वाछि तो विजेया होईवा’. वाचेल तो विजयी होईल! हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा डोक्यावर, दगडात. मला तिथून पाय निघत नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर कुडल. दुर्बीण असेल, तर थंडीत नान्नज.