हार्ड डिस्क, साटा एसएसडी की एनव्हीएमई?

नवा कॉम्प्युटर घेताना किंवा जुन्यात जीव ओतताना '१ टीबी' हा आकडा ठळक दिसतो. त्याला चिकटलेली एचडीडी, एसएसडी, साटा, एम.२, एनव्हीएमई ही अक्षरं मात्र बारीक छापलेली असतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी एक घोळ मिटवू. 'मेमरी किती?' विचारलं की कुणी रॅमचा आकडा सांगतो, कुणी डिस्कचा. रॅम वीज गेली की कोरी होते. इथे विषय आहे वीज गेल्यावरही टिकणाऱ्या जागेचा.

एचडीडी म्हणजे आपली जुनी हार्ड डिस्क. आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि त्यांवरून वाचणारं हेड सरकतं. ७२०० वाल्या डिस्कवरसुद्धा हवी ती जागा फिरून हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात. हेड सरकायचा वेळ वेगळाच. एखादा मोठा सिनेमा सलग कॉपी करायचा तर हे जाणवत नाही, सेकंदाला १५० एमबीच्या आसपास वेग मिळून जातो. पण कॉम्प्युटर सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली इकडूनतिकडून गोळा कराव्या लागतात, आणि तिथे हार्ड डिस्कची दमछाक होते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळा फ्लॅश चिपांचा कारभार. म्हणून जुन्या यंत्रात हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी घातली तरी ते ओळखू येत नाही. साटा ही जोडणी मुळात हार्ड डिस्कसाठी बनलेली. तिचा तिसरा अवतार सेकंदाला ६ गिगाबिटचा, पण ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागत असल्याने हातात कमाल ६०० एमबी उरतात. प्रत्यक्षात ५५० च्या आसपास.

एनव्हीएमई म्हणजे एसएसडीशी बोलण्याची नवी पद्धत. तिची पहिली आवृत्ती २०११ ची, फ्लॅश डोळ्यांपुढे ठेवूनच केलेली. साटाच्या जुन्या पद्धतीत कामांची रांग एकच, तीही ३२ जणांची. इथे रांगा हजारोंनी लावता येतात. शिवाय ही डिस्क थेट पीसीआयईवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या वेगवान जोडणीवर बसते. तिच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर, म्हणजे चार समांतर मार्गांवर, सेकंदाला सुमारे ३५०० एमबी, चौथ्या पिढीत ७०००.

मग डोळे झाकून एनव्हीएमई? नव्या यंत्रात हो. पण साटा एसएसडी आधीच असेल तर केवळ आकड्यांपायी बदलू नका. ब्राउझर, कागदपत्रं, अभ्यास यांत दोघींतला फरक क्वचितच कळतो, कारण तिथे अडतं ते प्रोसेसरपाशी. मोठे व्हिडिओ रोज हलवणाऱ्याला फरक पडतो. तोही दोन्ही टोकं वेगवान असतील तरच. एनव्हीएमईवरून हार्ड डिस्कवर कॉपी केलं तर वेग हार्ड डिस्कचाच.

आता सगळ्यांत फसवं अक्षर, एम.२. हा वेग नव्हे, आकार आहे. पट्टीवरचं २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, बस्स. त्या पट्टीवर साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही. मी स्वतः एकदा 'एम.२ आहे ना' म्हणून पट्टी आणली. खाचेत चपखल बसली, स्क्रूही लागला, पण यंत्राला ती दिसेचना. पट्टी साटाची, खाच फक्त एनव्हीएमईची! तेव्हापासून पैसे मोजण्याआधी मदरबोर्डची किंवा लॅपटॉपची माहितीपुस्तिका उघडतो. खूप जुन्या लॅपटॉपात तर एम.२ ची खाचच नसते. तिथे अडीच इंची साटा हाच मार्ग, आणि तो मुळीच वाईट नाही.

दोन एनव्हीएमईंच्या किमतींत मोठी तफावत दिसली तर आतली फ्लॅश टीएलसी प्रकारची की क्यूएलसी ते बघा. टीएलसीत एका कप्प्यात ३ बिट, क्यूएलसीत ४. क्यूएलसी स्वस्त, पण मोठी फाइल लिहिताना मध्येच मंदावते आणि लिहिण्याचं आयुष्यही कमी.

१ टीबी घेऊन विंडोजमध्ये ९३१ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर फेकू नका. एसएसडीवरून पुसलेली फाइल सहसा कायमची जाते, कारण ट्रिम नावाची आज्ञा ती जागा मोकळी करायला सांगते. तेव्हा जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घाला आणि फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. तिथे वेगाची घाई कुणालाच नसते.