६.७ इंची फोन दीड वर्ष वापरून झाला: मोठा स्क्रीन खरंच कशासाठी लागतो

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचा नाहीये, आकाराचा आहे. माझ्याकडचा फोन ६.७ इंची, १०८० बाय २४०० रिझोल्यूशनचा, ५००० एमएएच बॅटरीवाला आहे, आणि असे फोन आता बऱ्याच कंपन्या बनवतात त्यामुळे नावाने फार फरक पडत नाही. मला लिहायचंय ते हे, की जो तो मोठाच स्क्रीन का घेतो आणि घेताना जे कारण मनात असतं तेच पुढे उपयोगी पडतं का. माझ्या बाबतीत तरी नाही पडलं, दुसरंच निघालं, आणि ते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

मी फोन घेतला व्हिडिओसाठी. दुकानातल्या मुलाने पण एकच धोशा लावला होता, मॅडम व्हिडिओ बघा, व्हिडिओ बघा. आधीचा माझा फोन ५.५ इंची होता, जुन्या पद्धतीचा १६:९ स्क्रीन (म्हणजे लांबी १६ तर रुंदी ९ असं प्रमाण), वर खाली जाड पट्ट्या आणि मधे बटण. म्हटलं ५.५ वरून ६.७ म्हणजे एक इंचापेक्षा जास्त वाढतंय, केवढा मोठा दिसेल. घरी आले, दोन्ही फोन टेबलावर आडवे शेजारी शेजारी ठेवले, तोच व्हिडिओ दोन्हीवर लावला आणि बघतच राहिले, चित्र जवळपास तेवढंच! पट्टी आणून मोजलं. जुन्यावर चित्राची उंची साधारण ६८ मिमी, नव्यावर ७० मिमी. बास, दोन मिलिमीटर. उरलेली सगळी जागा डाव्या उजव्या बाजूच्या काळ्या पट्ट्यांनी खाल्ली.

कारण काय, तर इंच म्हणजे कर्ण, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. आताचे स्क्रीन २०:९ किंवा त्याच्या आसपासचे लांबोडके असतात, त्यामुळे कर्ण वाढतो पण रुंदी वाढतेच असं नाही. हिशेब करून बघितला, ६.७ इंची २०:९ स्क्रीनवर १६:९ चा व्हिडिओ लावला की तो जेमतेम ५.६ इंचाचा होतो. झूम करून काळ्या पट्ट्या घालवता येतात पण मग चित्राचं डोकं नाहीतर पाय कापले जातात. सिनेमे जे एकदम रुंद पट्टीत असतात ते मात्र जवळपास पूर्ण स्क्रीन भरतात, तिथे फरक चांगला जाणवतो, हे कबूल. पण आपण रोज जे बघतो त्यातलं बरंचसं १६:९ च असतं. म्हणजे ज्या कारणासाठी फोन घेतला ते कारण पहिल्याच संध्याकाळी निम्मं गळून पडलं आणि मला खरंच वाईट वाटलं, वाटलं फसलोच आपण.

मग दोन चार आठवडे गेले आणि हळूहळू लक्षात यायला लागलं की मी डोळे बारीक करणं बंद केलंय.

हे नीट सांगते. नवीन स्क्रीन रुंदीला जुन्याएवढाच आहे पण उंचीला सव्वातीन सेंटिमीटर जास्त आहे, १२२ मिमीच्या जागी १५५ मिमी. आता हे तीन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण मेसेज टाइप करताना बघा, कीबोर्ड वर आला की तो दोन्ही फोनवर साधारण तेवढीच जागा घेतो. जुन्या फोनवर कीबोर्ड उघडला की वर दोन तीन मेसेज दिसायचे, समोरच्याने काय विचारलंय ते बघायला परत वर सरकवायचं, परत खाली यायचं, तोवर काय लिहीत होते ते विसरायचं. नव्या फोनवर वाढलेली सगळी उंची संभाषणाला मिळते. आणि अक्षर मोठं करता येतं! जुन्या फोनवर पण करता यायचं की, सेटिंग तर होतंच, पण अक्षर मोठं केलं की ओळी वाढतात आणि स्क्रीनवर चारच वाक्यं उरतात, मग वैतागून माणूस परत लहान करतो. मोठ्या स्क्रीनवर अक्षर दोन घर वाढवूनसुद्धा पानभर मजकूर समोर राहतो. मराठी वाचणाऱ्यांना तर हे जास्तच, कारण आपली अक्षरं वर खाली दोन्हीकडे पसरतात, वर वेलांटी रफार अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. लहान अक्षरात द्ध आणि द्ध्य मधला फरक कळत नाही, अंदाजानेच वाचतो आपण.

पण खरी परीक्षा पीडीएफची. ए४ कागद २१० मिमी रुंद असतो. तो फोनच्या उभ्या स्क्रीनवर ७० मिमीत बसवला म्हणजे एक तृतीयांश झाला, कागदावरचं १२ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) अक्षर स्क्रीनवर ४ पॉइंटचं. ४ पॉइंट कोण वाचणार? म्हणून मग दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ वाचत उजवीकडे सरकायचं, पुढची ओळ धरायला परत डावीकडे, मधेच ओळ चुकते. हा त्रास प्रत्येकाने काढलाय. आता तोच फोन आडवा करा. १५५ मिमी रुंदी मिळते, अक्षर ९ पॉइंटच्या जवळ जातं, म्हणजे छापील पेपरातल्या अक्षरासारखं, आणि पूर्ण ओळ एका नजरेत येते, फक्त खाली सरकवत राहायचं. जुना फोन आडवा करून जेमतेम ७ पॉइंट व्हायचं आणि मला ते जमायचं नाही. म्हणजे व्हिडिओच्या वेळी जो लांबोडकेपणा माझ्या मुळावर आला होता तोच इथे कामाला आला.

हे मला कळलं ते आईमुळे. तिची रक्त तपासणीची रिपोर्टची पीडीएफ आली होती, ती स्वतःच्या छोट्या फोनवर ती बोटांनी ताणून ताणून बघत होती, एकीकडे तपासणीचं नाव आणि पार दुसऱ्या टोकाला आकडा, मधला आडवा प्रवास करताना ओळ सुटायची आणि ती भलत्याच आकड्यावर जायची, घाबरायची. मी माझा फोन आडवा करून तिच्या हातात दिला. तिने आधी हात लांब केला सवयीने, मग हळूहळू जवळ आणला, आणि म्हणाली, "अगं, चष्मा न लावता दिसतंय की हे." मग एकेक ओळ बोट ठेवून तिने स्वतः वाचली. कुणाला विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव बघून मला जे वाटलं ते मी शब्दात सांगू शकत नाही, स्वतःचा रिपोर्ट दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागणं किती जिवावर येत असेल माणसाला.

चाळिशी लागते म्हणजे काय होतं तर डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, जवळचं फोकस होत नाही, म्हणून आपण हात लांब करतो. पण हात लांब केला की अक्षर आणखी लहान दिसतं. यावर उपाय दोनच, चष्मा नाहीतर मोठं अक्षर, आणि मोठं अक्षर मावायला मोठा स्क्रीन. माझं तर स्पष्ट मत झालंय की मोठे फोन एवढे चालतात त्यात गेम आणि व्हिडिओपेक्षा या वाचण्याचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून खूप जास्त आहे. लोक दुकानात सांगताना व्हिडिओ सांगतात कारण मला दिसत नाही हे कुणी पटकन म्हणत नाही. आणि दुसरी गोष्ट, आता कित्येकांकडे फोन हाच एकमेव कॉम्प्युटर आहे. फॉर्म भरायचा, तिकीट काढायचं, बँकेचं, मुलांचा अभ्यास, ऑफिसचं एक्सेल, सगळं त्याच काचेवर. मग ती काच मोठी हवी असं वाटणं चैन नाहीये, गरज आहे.

थोडं मागे जाऊन बघितलं तर गंमत वाटते. २००७ चा पहिला आयफोन ३.५ इंची होता आणि तेव्हा तो मोठा वाटायचा. २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स मोठ्या फोनबद्दल जाहीरपणे म्हणाले होते की हातात मावत नाहीत, कुणी घेणार नाही. २०११ ला सॅमसंगचा गॅलेक्सी नोट आला ५.३ इंची, स्टायलसवाला, म्हणजे लिहायच्या काडीसकट, फॅब्लेट (फोन आणि टॅब्लेटच्या मधलं काहीतरी) म्हणून लोकांनी खूप हसून घेतलं, कानाला लावला की पाटी धरल्यासारखं दिसायचं, आणि तरी वर्षाच्या आत १ कोटीच्या वर विकला गेला. २०१४ ला ॲपलनेच ५.५ इंची आयफोन ६ प्लस काढला. उलट बाजूचा प्रयोगही झाला, २०२० आणि २०२१ ला ५.४ इंची आयफोन मिनी आले, छोटा फोन हवा म्हणून ओरडणाऱ्यांसाठीच जणू, आणि २०२२ ला नवा मिनी आलाच नाही, त्या जागी ६.७ इंची प्लस आला. मला मिनी आवडायचा खरं तर, पण छोट्या बॉडीत बॅटरी छोटीच मावते. मोठ्या फोनचं हे एक मोठं कारण आहे जे लोक नीट सांगत नाहीत, स्क्रीन मोठा म्हणून वीज जास्त लागते हे खरं पण आत बॅटरीला जागा त्याहून जास्त मिळते. माझा रात्री झोपताना २५ ते ३० टक्के उरलेला असतो, जुना संध्याकाळी सहाला मान टाकायचा. शिवाय चांगला कॅमेरा कधी कधी फक्त मोठ्यातच देतात, २०२३ ला ५ एक्स झूम, म्हणजे पाचपट जवळ आणणारं, आयफोन १५ प्रो मॅक्सलाच होतं, छोट्या १५ प्रोला ३ एक्स.

आता त्रासाचं लिहिते, कारण त्रास आहेच. वजन. माझा फोन २०५ ग्रॅम, कव्हर आणि काच लावून काट्यावर ठेवला तर २४० भरला. झोपून वाचायला लागले की वीस मिनिटांत मनगट बोलायला लागतं. फोनला खालून करंगळीचा आधार द्यायची सवय लागली होती, दोन महिन्यांत करंगळीच्या मधल्या पेरावर खड्डा पडल्यासारखं झालं आणि सकाळी ती वाकवताना दुखायची. ती सवय मी ठरवून मोडली, आता वाचताना दोन हातांनी धरते नाहीतर स्टँडवर ठेवते. आणि एका हाताने वापरताना अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही तो नाहीच. जिना उतरताना वरचं नोटिफिकेशन ओढायला म्हणून फोन तळहातात सरकवला आणि तो गेला तीन पायऱ्या खाली. स्क्रीन बदलायला जो खर्च आला तो ऐकून पोटात गोळाच आला, आणि सर्व्हिस सेंटरने दोन दिवस सांगून अकरा दिवस लावले ते वेगळंच. मोठी काच, मोठा खर्च, हे घेतानाच धरून चाला. कव्हर कडा वर आलेलं घ्या, बारीक चकचकीत नको.

एक हाताने वापरायचा मोड असतो तो चालू करून ठेवा, कित्येकांना माहीतच नसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तळाशी खाली स्वाइप केलं की अख्खा स्क्रीन अर्ध्यावर खाली येतो, आयफोनला त्यासाठीच रीचेबिलिटी नावाचं सेटिंग आहे. कीबोर्डसुद्धा एका बाजूला सरकवता येतो. ब्राउझरचा ॲड्रेस बार खाली घ्या. आणि दोन सेटिंग वेगवेगळी असतात, एक फॉन्ट साइझ आणि एक डिस्प्ले साइझ, पहिल्याने फक्त अक्षर वाढतं, दुसऱ्याने बटणं आयकॉन सगळंच वाढतं. वयस्कर माणसाला फोन देताना दोन्ही वाढवून द्या, आणि त्यांच्यासमोर बसून द्या, कुठल्या आकारात सोपं वाटतंय ते त्यांनाच ठरवू द्या. नुसता मोठा फोन हातात देऊन उपयोग नाही, आतलं अक्षर मुंगीएवढं ठेवलं तर ६.७ काय आणि ५ काय.

घेणाऱ्यांना माझं सांगणं, स्पेसिफिकेशनमध्ये इंच बघताच पण त्याच्या खाली रुंदी आणि वजन लिहिलेलं असतं ते बघा, हातात फोन कसा बसतो ते त्या दोन आकड्यांवर ठरतं. २०११ चा नोट ५.३ इंची असून ८३ मिमी रुंद होता. आयफोन ८ प्लस ५.५ इंची आणि ७८ मिमी. आणि २०२४ चा आयफोन १६ प्रो मॅक्स ६.९ इंची असून ७७.६ मिमी, म्हणजे त्या जुन्या प्लसपेक्षा किंचित अरुंदच, फक्त वजन २०२ चं २२७ ग्रॅम झालंय. माझ्या हाताला ७६ पर्यंत चालतं, त्यापुढे कव्हर लावल्यावर अवघड जातं. तुमचं तुम्ही हातात धरून बघा, आणि डेमोचा उघडा फोन नको, कव्हर घातलेला मागा. रिझोल्यूशन पण बघा, स्वस्तातल्या ६.७ इंची फोनना ७२० बाय १६०० असतं, इंचाला साधारण २६२ पिक्सेल, म्हणजे ठिपके, पडतात, १०८० बाय २४०० ला ३९३. वाचण्यासाठी घेत असाल तर इथे पैसे वाचवू नका, जोडाक्षरांच्या कडा लगेच पुसट दिसतात.

फोल्डवाले पण हातात घेऊन बघितले, उघडल्यावर वाचायला फार सुंदर, पण घडीच्या जागी पडणारी रेघ आणि तीन पायऱ्यांचा अनुभव आठवून धीर नाही झाला. पुढचा फोन याच रुंदीचा आणि १८० ग्रॅमच्या आतला मिळाला तर घेईन. हा आईला द्यायचं ठरलंय, नवीन घेऊन देते म्हटलं तर नको म्हणाली, हाच हवाय, अक्षर आहे तेवढंच ठेव फक्त, आणि कव्हर लाल आण.