लांडग्याच्या गोष्टीतलं प्रेम: ‘शिव्हर’ आधी घ्यावं की ‘न्यू मून’?

धान कापून, चुरून झालं की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडच्या गावांमध्ये वाचायला वेळ सापडतो. समाजमंदिरातल्या कपाटात जी दीडदोनशे पुस्तकं आहेत, त्यात माणसाचा लांडगा होतो अशा दोन इंग्रजी प्रेमकादंबऱ्या आल्या आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही आठ-नऊ जणांनी त्या वाचल्या. ज्यांना इंग्रजी जमत नव्हतं त्यांना बारावीच्या दोन मुलींनी संध्याकाळी अर्थ सांगत वाचून दाखवल्या. तेव्हापासून नव्याने येणारी प्रत्येक मुलगी एकच विचारते: दोन्हीतलं आधी कोणतं नेऊ? इथे आमची मतं मांडते आहे. ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि माझं मत तर काही जणींना अजिबात पटलेलं नाही.

‘शिव्हर’ मॅगी स्टीफव्हेटर यांचं, २००९ सालचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मर्सी फॉल्स नावाच्या काल्पनिक गावात घडतं. ‘न्यू मून’ स्टेफनी मेयर यांचं, २००६ सालचं. त्यातलं फोर्क्स हे गाव खरंच आहे, वॉशिंग्टन राज्यात, लाकूडतोडीवर वाढलेलं आणि सतत पावसात भिजणारं. पहिलं चारशे पानांच्या आसपास, प्रकरणं छोटी. दुसरं साडेपाचशेच्या पुढे. इंग्रजी दोन्हींचं सोपं, पण ‘शिव्हर’मध्ये कवितेसारखी वाक्यं मधूनमधून येतात आणि तिथे थांबावं लागतं.

निवडताना पहिली अडचण इथेच येते. ‘न्यू मून’ हे मालिकेतलं दुसरं पुस्तक आहे. २००५ चं ‘ट्वायलाइट’ वाचल्याशिवाय हातात घेतलं तर नायिका बेला कोणासाठी एवढी रडते तेच कळत नाही. तिचा प्रियकर एडवर्ड सोडून गेल्यावर ऑक्टोबरपासून पुढच्या महिन्यांची नुसती नावं छापलेली जवळजवळ कोरी पानं येतात. आमच्यातल्या एकीला प्रत खराब आहे असंच वाटलं होतं. ज्यांनी पहिला भाग वाचला होता त्या मात्र त्या कोऱ्या पानांवरच हळव्या झाल्या. शिवाय लांडगा होणारा जेकब इथे जिवाभावाचा मित्र आहे. दोघं मिळून मोटरसायकली दुरुस्त करतात ती पानं सगळ्यांना आवडली, मलाही. पण बेलाचं मन रक्तपिपासू, म्हणजे व्हँपायर असलेल्या, एडवर्डकडेच राहतं. म्हणजे लांडग्याचं आणि मुलीचं प्रेम वाचायचं म्हणून कोणी हे पुस्तक उचललं तर तिची निराशा होणार. ‘शिव्हर’मध्ये ग्रेस ही मुलगी आणि लांडगा होणारा सॅम यांच्याशिवाय फारसं काही नाहीच.

(दोन्ही पुस्तकांत सॅम नावाचा लांडगा आहे. लागोपाठ वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.)

आता गंमतीची बाब. एका पुस्तकातला लांडगा थंडीचा, दुसऱ्यातला उष्णतेचा. ‘शिव्हर’मध्ये पौर्णिमेचा काही संबंध नाही. थंडी वाढली की माणसाचा लांडगा होतो, उन्हाळा आला की परत माणूस, आणि वर्षागणिक माणूसपणाचे दिवस कमी होत जातात. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्या वेळचं तापमान फॅरनहाइटमध्ये दिलेलं आहे. आमच्या मुलींनी वहीत बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ करून सगळी प्रकरणं सेल्सियसमध्ये उतरवली. आकडा खाली खाली जाऊ लागला तशी ऐकणारी माणसं गप्प झाली. ज्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, जिथे आम्ही उन्हाला घाबरतो, तिथे थंडीची अशी भीती शब्दांतून अंगावर येणं ही लेखिकेची कमाईच म्हणायची. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, “आपल्या गावात आणून ठेवला असता तं पोरगा वाचला असता जी.” त्या अगदी मनापासून बोलत होत्या. मेयरबाईंच्या मालिकेत उलट आहे: लांडग्यांचं अंग कायम १०८ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ४२-४३ सेल्सियस, आमच्या मे महिन्यातल्या दुपारीएवढं. त्यांचं रूप बदलतं ते रागाने. शक्ती वाढते, जखमा झटपट भरतात. जेकबला त्रास होतो, पण काहीतरी मिळतंही. सॅमचं फक्त हरवत जातं.

माझ्या मते दोन्हींमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि रानाच्या कडेला राहणाऱ्याला तो जास्त जाणवतो.

आमच्या मंडळात एक वनरक्षक भाऊ आहेत. प्रेमकथा वाचायला ते तयारच नव्हते. पण ‘शिव्हर’मध्ये ग्रेसच्या शाळेतला एक मुलगा लांडग्यांनी मारला अशी बातमी पसरते आणि गाव बंदुका घेऊन रानात शिरतं. सॅमला गोळी लागते, तो माणूस होऊन ग्रेसच्या दारात येऊन पडतो. इथे भाऊ खुर्चीवर पुढे सरकून बसले. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेलं माणूस परत आलं नाही की गावात काय होतं ते त्यांनी नोकरीत पाहिलंय. माणसं मारल्याचा ठपका असलेली पांढरकवड्याकडची टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तेव्हा त्या भागात फटाके फुटले होते आणि शहरात निषेध झाला होता. दोन्ही बाजूंच्या माणसांना आपण बरोबरच आहोत असं वाटत होतं. भाऊंची तक्रार एवढीच, की ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराचं दुःख कादंबरीत पुरेसं येत नाही. वाचकाचा जीव पहिल्या पानापासून लांडग्यांत अडकवून ठेवलाय. मला हा आक्षेप रास्त वाटतो. तरी ‘न्यू मून’मधल्या रानापेक्षा हे रान खरं आहे. तिथे बेला रानात हरवते, रानात घाबरते, रानात लांडगे पाहते, पण रानावर पोट असलेलं माणूस मला तिथे जवळून दिसलं नाही.

भाऊंनीच आणखी एक सांगितलं. आमच्या झाडीत कळपाने दिसतात ती रानकुत्री. आपला लांडगा माळरानाचा, दाट जंगल टाळणारा. आणि कळपात एक दांडगा पुढारी असतो, बाकीचे त्याच्यापुढे मान तुकवतात, ही कल्पना मुळात बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली: रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७ चा अभ्यास. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली, आणि पुढे त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. लांडग्यांच्या प्रेमकथा मात्र अजून त्या जुन्या पुढाऱ्यावरच चालतात. ‘न्यू मून’मधल्या टोळीत पुढाऱ्याचा हुकूम मोडताच येत नाही. जेकब बेलाला खरं काय ते सांगू शकत नाही तो त्यामुळेच. गोष्टीला त्याने ताण येतो, हे मान्य. ‘शिव्हर’मधल्या कळपातला वडीलधारा बेक सॅमला बापासारखा वाढवतो, चुकतोही. ते घर मला ओळखीचं वाटलं.

सगळ्यात जास्त भांडण एमिलीवरून झालं. ‘न्यू मून’मध्ये टोळीच्या पुढाऱ्याची ही होणारी बायको. तो एकदा रागाच्या भरात लांडगा झाला, ती जवळ उभी होती, आणि तिचा अर्धा चेहरा कायमचा फाटला. ती हसतमुखाने पोरांना खाऊ घालते. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, किती मोठं मन. स्वयंपाक करून घर चालवणाऱ्या एका वहिनीने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “आमच्याकडे दारू पिऊन मारते तो बी सकाळी असाच रडते. तिले काय वाटते ते कोणी काऊन नाही विचारत?” त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मी वहिनीच्या बाजूची आहे. मालिकेच्या पुढच्या भागांत तर लांडगा आपला जन्माचा जोडीदार म्हणून लहान मुलीलाही ‘ओळखतो’. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात ही मालिका देताना तिच्याशी यावर बोलणार असाल तरच द्या.

दुसरी खुपणारी गोष्ट. जेकबची जमात, क्विल्यूट, खरी आहे. ला पुश इथे समुद्राकाठच्या छोट्याशा राखीव जमिनीवर ती राहते. लांडग्यांपासून माणसं घडवली गेली ही त्यांची स्वतःची जुनी कथा. रक्तपिपासूंशी वैर वगैरे भाग कादंबरीकारांनी जोडलेला. पुढे सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर काम करून खरं काय नि रचलेलं काय ते वेगळं करून मांडलं. आमच्या वाचनात एक गोंड मुलगी होती. तिने एवढंच विचारलं: आमच्या पेनाची, म्हणजे देवाची, गोष्ट कोणी अशी बदलून जगभर विकली तर आम्हाला कोण विचारायला येईल? मला उत्तर देता आलं नाही. ‘शिव्हर’ने गाव काल्पनिक ठेवल्यामुळे हा प्रश्न तिथे उभा राहत नाही.

‘शिव्हर’ निर्दोष आहे असं मुळीच नाही. ग्रेसच्या आईबापांना पोरीच्या खोलीत मुलगा राहतोय याचा पत्ताच नसतो. यावर घरातल्या मोठ्या बायका फार चिडल्या, आणि खरोखर ते पटत नाही. मधली शंभरेक पानं रेंगाळतात. सॅम सारखी गाणी रचतो, जर्मन कवी रिल्के वाचतो. आमच्या पोरांना तो फार मऊ वाटला, मुलींना तोच आवडला. आणि एक सूचना: लहानपणी सॅमच्या आईबापांनीच त्याचा जीव घ्यायचा प्रयत्न केलेला असतो, न्हाणीघरात. तो प्रसंग थोडक्यात येतो, पण झोप उडवतो. ‘न्यू मून’मध्ये बेलाची उदासी आणि जिवावरचे धोके पत्करणं आहे. जिचं मन नुकतंच मोडलंय तिला ते पुस्तक आत्ता देऊ नका.

तर पहिल्यांदाच वाचणाऱ्या मुलीला मी ‘शिव्हर’ देते, डिसेंबरात, शेकोटी पेटते तेव्हा. जिला मोठी मालिका हवी, भांडण, धावपळ, दोन मुलांमधली ओढाताण हवी, तिने ‘ट्वायलाइट’पासून सुरू करावं. ‘न्यू मून’ तिला त्यातलं सगळ्यात आवडेल, जेकबमुळे.

‘शिव्हर’ संपलं त्या रात्री शेजारच्या आजीने, जिला इंग्रजीतलं एक अक्षर कळलं नव्हतं, तिच्या लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली. मुळी खाऊन वाघ होणारा एक माणूस. परतीची मुळी बायकोच्या हातात. वाघ समोर येताच ती घाबरून पळाली आणि तो तसाच राहिला. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने १८४४ साली छापलेल्या आठवणींत मध्य प्रदेशातल्या सागरकडची जवळजवळ हीच गोष्ट आहे. आजीला मी ग्रेसबद्दल पुन्हा समजावून सांगितलं. तिने शाल ओढून घेतली आणि विचारलं, “मंग हे पोरगी पळाली नाही?”

नाही पळाली, आजी.