अॅनापोलिसच्या अर्जाचं वर्ष : नॉमिनेशन, मेडिकल आणि एक जुना इनहेलर

लेक अकरावीत असताना फेब्रुवारीत म्हणाली, "आई, मला नेव्हल अकॅडमीत जायचंय." म्हणजे अॅनापोलिसचं, अमेरिकन नौदलाचे अधिकारी घडवणारं कॉलेज. न्यू जर्सीत आमच्या ओळखीचं कुणीच या वाटेनं गेलेलं नव्हतं. काँग्रेसमनचं नॉमिनेशन, म्हणजे त्यांनी प्रवेशासाठी नाव सुचवणं, लागतं हे ऐकून पुण्याहून सासऱ्यांनी फोनवर पहिलंच विचारलं, "तिथल्या खासदाराशी कुणाची ओळख आहे का गं?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. आता सगळं पार पडल्यावर ठामपणे सांगते, वशिला लागत नाही. वेळ मात्र फार लागतो.

अकॅडमीचा अर्ज वेगळा आणि नॉमिनेशनचे वेगळे. दोन सेनेटर, आपल्या डिस्ट्रिक्टचे काँग्रेसमन आणि उपराष्ट्राध्यक्ष, अशा चारही ठिकाणी कराच, कारण प्रत्येकाच्या वाट्याचे एका वेळी पाचच विद्यार्थी अकॅडमीत असू शकतात. प्रत्येक ऑफिसची मुदत निराळी. आमचं एक शिफारसपत्र पोचलंच नाही, हे मुदतीच्या दोन दिवस आधी कळलं. त्या दोन रात्री विसरणार नाही. (कोस्ट गार्ड अकॅडमीला नॉमिनेशन लागत नाही. आणि प्रवेशाच्या वेळी मूल अमेरिकन नागरिक हवं, ग्रीन कार्ड पुरत नाही.)

नॉमिनेशनच्या इंटरव्ह्यूला समोर चौघं बसले होते. आई-बाबा काय करतात, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. "यंदा नाही झालं तर?" यावर ती म्हणाली, "कॉलेजचं एक वर्ष करून पुन्हा अर्ज करीन." जानेवारीत एका सेनेटरचं नॉमिनेशन आलं.

फिटनेस टेस्टमध्ये गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा असतो. धावण्यात ती पक्की, पण यात अडली. उन्हाळाभर ड्राइव्हवेवर खडूच्या रेघा होत्या, पाऊस आला की पुसायच्या, ती पुन्हा आखायची.

खरी कसोटी मेडिकलची. ती चौदा वर्षांची असताना महिनाभर खोकला होता, डॉक्टरांनी इनहेलर दिला होता. आम्ही विसरूनही गेलो होतो. पण तेराव्या वाढदिवसानंतर दम्याची नोंद असली की मेडिकलमध्ये अपात्र ठरवतात. कागदावर 'अपात्र' वाचून ती रात्री जेवली नाही. पुढे फुप्फुसांच्या तपासण्या, जुन्या फायली, डॉक्टरांचं पत्र. वेव्हर, म्हणजे या अपात्रतेतून सूट, आपण मागायचा नसतो, अकॅडमीला मूल हवं असेल तर तीच त्याचा विचार करते. तो मार्चअखेर मिळाला, एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र आलं.

फी नाही, पण पदवीनंतर किमान पाच वर्षं लष्करी नोकरी करावीच लागते. त्यावर घरात आधीच मोकळेपणानं बोला. ऑफिसांना फोन मुलांनीच करावेत, मी एकदा केला तर पलीकडून नम्रपणे तिलाच बोलवायला सांगितलं. आणि दहावीतच डॉक्टरांकडून सगळे मेडिकल रेकॉर्ड मागवून ओळ न् ओळ वाचा. चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला तेव्हा हातात दोन वर्षं असतात, आम्हाला दोन महिने मिळाले.