दहा रविवार नेतृत्वशैलींच्या अभ्यासाचे: एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

एका ग्रामीण पतसंस्थेत एकोणीस वर्षे नोकरी केल्यानंतर गेल्या वर्षी माझ्याकडे शाखाधिकारीपद आले. शाखेत नऊ कर्मचारी आणि अकरा पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून छोट्या ठेवी गोळा करणारे प्रतिनिधी, आहेत. त्यांपैकी तिघे माझ्याबरोबरच लिपिक म्हणून लागलेले असल्यामुळे काल ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली त्यांचीच रजा आज नामंजूर करायची, असा प्रसंग पहिल्याच महिन्यात ओढवला. या अडचणीपोटीच मी शहरातील एका खासगी व्यवस्थापन संस्थेच्या नेतृत्वशैली आणि व्यवस्थापन यांवरील अभ्यासक्रमाला नाव घातले. दहा रविवार, प्रत्येक रविवारी पाच तास आणि जेवण धरून १४,५०० रुपये फी असे त्याचे स्वरूप होते. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण याच धर्तीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात आणि मला जे म्हणायचे आहे ते थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडेल.

सुरुवातीचे दोन रविवार उत्तम गेले. कुर्ट लेविन हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासोबत आयोवा येथे केलेला आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास शिक्षकांनी अक्षरशः उभा केला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची छंदमंडळे आणि प्रत्येक मंडळाला एक प्रौढ नायक, अशी रचना होती. नायकाने कधी हुकूम सोडायचे, कधी मुलांशी चर्चा करून ठरवायचे, तर कधी सगळे त्यांच्यावर सोडून स्वस्थ बसायचे. हुकूमशाही मंडळात नायक समोर असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो खोलीबाहेर गेला की थंडावे. चर्चेने चालणाऱ्या मंडळात मात्र तो असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडत नसे. हे ऐकताना मला आमचा दुपारी चारनंतरचा काउंटर आठवला. मी वसुलीसाठी बाहेर पडलो की रोकड जुळवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ का लागतो, हा प्रश्न मी तोपर्यंत केवळ रोखपालाच्या आळसाच्या खाती टाकत होतो.

याच अभ्यासातील एक बारकावा वर्गात सांगितला गेला नाही. तो मी नंतर स्वतः वाचला. वीस मुलांपैकी एकोणीस जणांना हुकूम सोडणाऱ्या नायकापेक्षा चर्चा करणारा नायक आवडला होता. उरलेला एक मुलगा लष्करी अधिकाऱ्याचा होता आणि त्याला शिस्तच प्रिय होती. माझ्या मते संपूर्ण प्रयोगात शाखाधिकाऱ्याच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. शैली चांगली की वाईट हे ती ज्याच्यावर चालवायची त्याच्या घडणीवरही अवलंबून असते, आणि प्रत्येक शाखेत असा एक विसावा मुलगा असतोच. आमच्याकडे तो शिपाई म्हणून काम करतो. त्याला मत विचारले की तो गोंधळतो आणि काम नेमून दिले की आनंदाने करतो.

तिसऱ्या रविवारपासून गाडी थोडी घसरली. रॉबर्ट ब्लेक आणि जेन माउटन यांची १९६४ सालची व्यवस्थापकीय जाळी शिकवताना सर्वांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. या जाळीत आडव्या अक्षावर कामाची काळजी आणि उभ्या अक्षावर माणसांची काळजी एक ते नऊ अशी मोजतात, आणि दोन्हीकडे नऊ मिळवणारा व्यवस्थापक आदर्श समजला जातो. आमच्या वर्गातील जवळजवळ प्रत्येकाने स्वतःला त्या आदर्श कोपऱ्याच्या एखाद्या घराच्या अंतरावर आणून बसवले. एवढे आदर्श अधिकारी एकाच खोलीत पाहून शिक्षकांना काही शंका यावयास हवी होती. परंतु त्यांनी सर्वांचे अभिनंदन केले आणि जेवणाची सुट्टी झाली.

मी त्या प्रश्नावलीच्या कोऱ्या प्रती शाखेत नेल्या आणि सहकाऱ्यांना नाव न लिहिता माझ्याविषयी भरावयास सांगितल्या. कामाच्या बाबतीत मला त्यांनी आठच्या आसपास नेऊन ठेवले आणि माणसांच्या बाबतीत चारवर उतरवले. एका कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिले होते, "साहेब, तुम्ही विचारता, पण ठरवून आलेले असता." फीचे पैसे माझ्यापुरते त्या एका ओळीत वसूल झाले, मात्र त्याचे श्रेय अभ्यासक्रमाला पूर्णपणे देता येत नाही. प्रश्नावली त्यांची होती, ती कोणाकडून भरून घ्यावी हे त्यांनी सांगितले नव्हते. ज्या अभ्यासक्रमात नेतृत्वाचे मोजमाप फक्त नेत्यालाच विचारून केले जाते, त्याने हा दोष आधी दूर करावा.

माझा याहून मोठा आक्षेप पाचव्या रविवारविषयी आहे. त्या दिवशी फ्रेड फीडलर यांची परिस्थितीसापेक्ष मांडणी आणि पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड यांची परिस्थितीनुरूप नेतृत्वाची मांडणी एकाच दुपारी, एकापाठोपाठ एक, जणू सख्खी भावंडे असल्याप्रमाणे शिकवली गेली. वस्तुतः त्यांचे मूळ भांडण फार महत्त्वाचे आहे. फीडलर यांच्या मते माणसाची शैली ही बऱ्याच अंशी त्याच्या स्वभावात मुरलेली असते. ती बदलण्याच्या मागे लागण्यापेक्षा त्या माणसाला शोभेल असे काम द्यावे, किंवा कामाची परिस्थिती त्याला अनुकूल करून घ्यावी. हर्सी आणि ब्लँचर्ड यांचे म्हणणे याच्या उलट आहे: हाताखालच्या माणसाची तयारी पाहून नेत्यानेच आधी सूचना द्याव्यात, मग पटवून द्यावे, मग सहभागी करून घ्यावे आणि शेवटी काम सोपवून मोकळे व्हावे. पहिले मत खरे असेल तर असल्या अभ्यासक्रमांवर पैसे घालण्याऐवजी बदल्यांचा विचार नीट करावा, आणि दुसरे खरे असेल तर अभ्यासक्रमाला अर्थ आहे. हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा, दोन्हींमध्ये तथ्य आहे, असे उत्तर मिळाले. आमच्या अध्यक्षांचेही वार्षिक सभेत हेच उत्तर असते.

आठव्या रविवारी दोन रकाने असलेला एक तक्ता पडद्यावर आला. डावीकडे व्यवस्थापक आणि उजवीकडे नेता. डावीकडचा नियम पाळणारा, हिशेबी आणि सावध, तर उजवीकडचा स्वप्ने पाहणारा, धाडसी आणि प्रेरणा देणारा. हा तक्ता पाहिल्यावर डावीकडे राहावे असे कोणाला वाटणार? अब्राहम झालेझनिक यांनी १९७७ साली नेते आणि व्यवस्थापक ही मुळातच वेगळी माणसे असल्याचे मांडले, त्याची ही पातळ झालेली प्रत होती. जॉन कॉटर यांनी १९९० साली व्यवस्थापनाचा संबंध गुंतागुंत हाताळण्याशी आणि नेतृत्वाचा संबंध बदल घडवण्याशी जोडला, हे सांगितले गेले. पण दुबळ्या व्यवस्थापनाच्या जोडीला आलेले जोरकस नेतृत्व प्रसंगी अधिक घातक ठरते, हा त्यांचाच इशारा गाळला गेला. पतसंस्थांच्या क्षेत्रात वावरणाऱ्या माणसाला या इशाऱ्याची उदाहरणे शोधत फिरावे लागत नाही. भाषणे गाजवणारे अध्यक्ष आणि कर्जाच्या फायलींत जामीनदाराची सहीच नाही, अशा संस्थांचे पुढे काय झाले हे ठेवीदारांना विचारावे.

येथे मराठीपुरती एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे नेता म्हटले की चौकातला फलक डोळ्यांसमोर येतो, आणि सहकारात तर हा भेद केवळ कल्पनेतला राहत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखालील संस्थेत सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ एका बाजूला असते आणि पगारी अधिकारी दुसऱ्या बाजूला. त्यामुळे नेता आणि व्यवस्थापक या दोन भूमिका खरोखरच दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसतात. थकबाकीदारावर कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे कर्ज सक्तीने वसूल करण्याचा निबंधकांचा आदेश, मिळवण्यासाठी अर्ज करायचा की आणखी एक महिना थांबायचे, हा निर्णय या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत होतो. त्या जागेत शाखाधिकाऱ्याने वरच्यांशी कोणत्या शैलीने वागावे याबद्दल दहा रविवारांत एक अक्षर निघाले नाही. सगळी उदाहरणे अमेरिकेतील संगणक कंपन्यांच्या संस्थापकांची होती. पाहुण्या वक्त्यांचे गडकिल्ल्यांवरील दोन तासांचे व्याख्यान श्रवणीय होते, एवढेच म्हणतो.

भारतीय संशोधनाला पाठ्यसाहित्यात अर्धे पान मिळाले, आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे पान होते. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली जिव्हाळा आणि कामाचा आग्रह एकत्र बाळगणाऱ्या नेत्याची कल्पना मांडली. हा नेता हाताखालच्यांची मनापासून काळजी घेतो, पण त्याची माया कामाशी बांधलेली असते. माणूस तयार होत गेला की तो त्याला निर्णयात सामील करून घेऊ लागतो. आमचा एक पिग्मी एजंट रोजचा भरणा दोन-दोन दिवस उशिरा आणत असे आणि मी त्याला बाबापुता करून सांभाळत होतो. सिन्हांचे ते अर्धे पान वाचल्यावर लक्षात आले की मी माया दिली होती, पण तिला अट घातली नव्हती. आता तो संध्याकाळी साडेपाचला भरणा करतो. त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी मी पूर्वीसारखीच करतो, पण भरण्याची पावती फाडून झाल्यावर.

अभ्यासक्रमाचा उत्कर्षबिंदू मात्र शेवटच्या स्वाध्यायात होता, आणि तो देणाऱ्यांना त्याचे महत्त्व कळले असेल असे मला वाटत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे कामकाज प्रत्यक्ष पाहून १९७३ साली व्यवस्थापकाच्या दहा भूमिका सांगितल्या. नेत्याची भूमिका ही त्या दहांपैकी एक. त्याच धर्तीवर आम्हाला आपल्या कामाची सहा दिवसांची रोजनिशी ठेवायची होती. माझ्या रोजनिशीत सलग न अडवता मिळालेला सर्वांत मोठा वेळ बावीस मिनिटांचा निघाला. सोनेतारणाची पिशवी सीलबंद करणे, रजेचा अर्ज, लेखापरीक्षकांचा फोन, तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे द्यायची याचा वाद, असा तो सगळा चुरा होता. तो वाचताना जाणवले की मी नेतृत्व करायला वेगळा कधी बसलोच नव्हतो. किल्ली कोणाकडे दिली आणि देताना काय बोललो, यातच माझी शैली होती. दोन रकान्यांचा तो तक्ता या रोजनिशीपुढे टिकत नाही.

व्यवस्थेबाबत थोडक्यात: वर्ग वेळेवर सुरू होत, जेवण साधे आणि चांगले होते, छापील साहित्यातील मराठी मात्र इतके कृत्रिम होते की काही परिच्छेद समजून घेण्यासाठी मूळ इंग्रजी शोधावे लागले. नुकतीच पदवी घेतलेल्यांनी यावर पैसे खर्च करू नयेत, कारण पाहायला स्वतःची माणसे आणि स्वतःच्या चुका हाताशी नसतील तर हे सगळे नावांचे पाठांतर होऊन बसते. ज्यांच्या हाताखाली चार माणसे वर्षभर राहिली आहेत त्यांनी जावे, आणि पाचव्या व आठव्या रविवारी वहीत प्रश्नचिन्हे काढत बसावे.

पुढच्या तुकडीसाठी आमच्या उपशाखाधिकारी मॅडमचे नाव मी सुचवले आहे. त्यांची फी संस्थेने भरावी असा अर्ज संचालक मंडळाकडे दिला असून सोबत माझ्या रोजनिशीची प्रत जोडली आहे. तिसऱ्या दिवशीची नोंद अध्यक्षांच्या फोनबद्दल आहे. ती काढून टाकावी का, असे मी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "ठरवून आला असाल तर विचारू नका." नोंद तशीच ठेवली आहे.