हिमाचलमधल्या स्पितीत एकच गोम्पा (बौद्ध मठ) पाहायचा असेल तर
बहुतेक जण की गोम्पाकडेच धावतात. टेकडीवर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या खोल्या, खाली स्पिती नदीचं रुंद पात्र. फोटो झकास येतो, आणि काझा या स्पितीतल्या मुख्य गावाहून जवळ. उंची मात्र ४,१०० मीटरच्या वर, पायऱ्या चढताना धाप लागतेच.

ताबो गोम्पा बाहेरून अगदीच साधा: मातीच्या बुटक्या इमारती. पण ९९६ साली स्थापन झालेल्या या मठाच्या मुख्य सभागृहात शिरा. मध्ये चार देहांचा वैरोचन बुद्ध, भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती, भोवती चित्रंच चित्रं. ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात ते उगाच नाही. आत फोटोला बंदी (बरंच आहे!), उजेडही कमी, टॉर्च न्या.

माझं मत ताबोला. किन्नौरमार्गे आलात तर वाटेवरच लागतो.